अकोटला पडलेला बर्फ

आयुष्यात मी बर्फ पडताना एकदाच पाहिला. अकोटला.

माझा भूगोल कच्चा आहे असं समजू नका. अमरावतीच्या एका शाळेत सत्तावीस वर्षं मी भूगोलच शिकवतोय. हिमनदी, हिमरेषा, हिमवर्षाव, सगळं तोंडपाठ. ध्रुवप्रदेश शिकवताना मी इतका रंगतो, की पहिल्या बाकावरची मुलं भर मार्चमध्ये कुडकुडतात. (हे माझं निरीक्षण. मुलांचं वेगळं असू शकतं.) पण दरवर्षी कोणीतरी विचारतंच, "सर, तुम्ही पाहिला का बर्फ पडताना?" आणि दरवर्षी मला खडू बदलायचा असतो.

खरं सांगायचं तर माझा आणि बर्फाचा संबंध रसवंतीपुरता. गोणपाटात गुंडाळलेला, भुसा लागलेला बर्फ! काश्मीरला जायचं दर उन्हाळ्यात ठरायचं आणि दर उन्हाळ्यात मोडायचं. एकदा बोअर आटली, एकदा चुलतबहिणीचं लग्न निघालं. मग मी मे महिन्यात दुपारी कूलरसमोर पडून डोळे मिटायचो. मिटल्या डोळ्यांपुढे आमच्या अमरावतीवर बर्फ पडत असे. अगदी हळू, आवाज न करता. ऑटोंच्या टपावर, एसटी स्टँडच्या पत्र्यावर, गिला वड्याच्या गाडीवर. कंडक्टर तिकिटांचं मशीन झटकतोय, चौकातला ट्रॅफिक पोलीस पांढरा होऊन उभा आहे, आणि सगळं शहर कधी नव्हे ते गप्प आहे. मग लाइट जायची. कूलर बंद, बर्फ बंद.

हे स्वप्न मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. त्यामुळे आमची केतकी एका संध्याकाळी म्हणाली, "बाबा, आमचं नवीन गाणं बर्फावर आहे," तेव्हा माझा चहा बशीतून थेट लुंगीवर आला.

केतकी माझी एकुलती एक मुलगी. इंजिनिअर झाली आणि लगेच रॉक बँड काढला. बँडचं नाव 'सत्तेचाळीस', म्हणजे अकोल्याचा उन्हाळ्यातला पारा. केतकी गाते. शंतनू गिटार वाजवतो. तो इतका बारीक आहे की बाजूने उभा राहिला तर नुसती गिटारच दिसते. ड्रम्सवर अकोल्याचा पप्पू. तो ड्रम्सच्या मागे बसला की ड्रम्स जेवणाच्या डब्यासारखे दिसतात.

"गाण्यात काय होतं?" मी विचारलं.

"मे महिन्यातली दुपार. एक मुलगी झोपेतून उठते, दार उघडते, तर बाहेर बर्फ पडत असतो."

"मग?"

"मग काही नाही. पडत राहतो."

मी उठून आतल्या खोलीत गेलो आणि उगाच कपाट उघडून उभा राहिलो. पोरगी माझ्या डोक्यात कधी शिरून आली होती कोण जाणे!

गाणं रेकॉर्ड झालं होतं. आता व्हिडिओ झाला की दोन्ही मिळून इंटरनेटवर टाकायचं. अडचण एवढीच, की पप्पूला हैदराबादला नोकरी लागली होती आणि सोमवारी त्याला निघायचं होतं. केतकी म्हणाली, "पप्पू गेला की बँड गेला. रविवारी व्हिडिओ झाला तर झाला, नाहीतर गाणं माझ्या मोबाइलमध्ये म्हातारं होणार."

पण बर्फ आणायचा कुठून? शंतनूने थर्माकोल किसून पाहिलं. पिकनिकच्या प्लेटांवरून ट्रक गेल्यासारखं दिसलं. पप्पूने साबणाचा फेस केला. आमची गच्ची स्वच्छ झाली, एवढाच फायदा. तेव्हा मी नाटकात खांबाआडून राजा प्रकटतो तसा स्वयंपाकघरातून प्रकट झालो.

"अकोट!" मी म्हणालो.

"काय अकोट?"

"गजूमामाची जिनिंग मिल! अंगणात डोंगराएवढा कापूस. पंख्यापुढे धरा आणि उडवा. अख्ख्या हिमालयात नसेल एवढा बर्फ!"

केतकीने मला मिठी मारली. मिठीतूनच बजावलं, "पण बाबा, एक अट. तुम्ही फ्रेममध्ये यायचं नाही."

ही अट अपमानास्पद होती, पण निराधार नव्हती. आमच्या घरातल्या प्रत्येक व्हिडिओत मी आहे. चुलतबहिणीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना वधूवरांच्या मधोमध माझं कोपर आहे. शाळेच्या गॅदरिंगमध्ये केतकी सूर्यफूल झाली होती. त्या पूर्ण नाचात सूर्यफूल दिसत नाही, पाकळी सरळ करणारा मी दिसतो. मी शपथ घेतली.

आता गजू. गजू म्हणजे माझ्या बायकोचा, सुनंदाचा, धाकटा भाऊ. मनाने लोणी, पण संगीताची आवड वेगळी. अकोल्यात एका गणेश मंडळासमोर बँडचा कार्यक्रम होता, तो त्याने पहिल्या रांगेत बसून ऐकला होता आणि मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "भाऊजी, पोट्टी ओरडून काहून राहिली? कोनी मारलं काय तिले?" त्याला रॉक बँडचं नाव सांगितलं असतं तर जिनिंगचं फाटक आम्हाला बाहेरूनच पाहायला मिळालं असतं. म्हणून मी फोनवर एवढंच म्हणालो, "केतकीचं जरा शूटिंग होतं गजू. तुझ्या जिनिंगमध्ये. रविवारी."

पलीकडे गजूचा आवाज एकदम हलका झाला. "भाऊजी... प्री-वेडिंगचं हाय का?"

(आमच्याकडे हल्ली लग्नाआधी नवरानवरीचं शूटिंग करतात. कोणी चिखलदऱ्याच्या धुक्यात पळतं, कोणी ट्रॅक्टरवर बसतं. मागच्या वर्षी एक जोडपं गजूच्या कापसावरही लोळून गेलं होतं.)

नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. देवाशपथ उघडलं होतं. पण डोळ्यांपुढे ऑटोंवर बर्फ पडायला लागला, आणि तोंडातून "हं" निघालं.

गजू रडायलाच लागला. आमच्याकडे नवरीला मांडवात मामा घेऊन येतो. गजूला बहीण एक, भाची एक. म्हणजे हा मान त्याच्या वाट्याला जन्मात एकदाच येणार. "ताईनं मले सांगतलं बी नाही!" तो हुंदके देत म्हणाला.

"गुपित आहे," मी म्हणालो. "ताईजवळ विषय काढू नको. केतकीजवळ तर मुळीच नको, लाजते ती."

एका "हं"ला मी दोन मजले चढवले होते.

रविवारी सकाळी निघालो. छोट्या हत्तीत ड्रम्स, मागे गाडीत आम्ही आणि कॅमेरावाला रिझवान. मी ठेवणीतला लोकरीचा स्वेटर घातला होता, वर कानटोपी.

"एवढं ऊन पडून राहिलं, आणि स्वेटर?" सुनंदाने दारातून विचारलं.

"बर्फात चाललोय," मी म्हणालो. सत्तावीस वर्षांनी खडू न बदलता हे वाक्य म्हणता आलं, त्याचा आनंद तुम्हाला नाही कळायचा.

वाटेत केतकीला खरं सांगायचं मी तीनदा ठरवलं. दर्यापूरच्या आधी, दर्यापूरला आणि दर्यापूरच्या पुढे. पण ती खिडकीला डोकं टेकून गाणं गुणगुणत होती. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेली शेतं पळत होती, पांढरी ठिपकेदार, लांबवर, थेट आभाळाला लागलेली. अशा वेळी खरं बोलणं असभ्यपणाचं वाटतं.

जिनिंगच्या फाटकाला आंब्याच्या पानांचं तोरण! आत शोभामामी औक्षणाचं ताट घेऊन उभी, मागे शेजारच्या पाचसहा बायका. ताटात दिवा होता तो सेलवरचा. जिनिंगमध्ये आग म्हणजे साक्षात मरण, त्यामुळे गजूच्या आवारात काडेपेटीला बंदी. लक्ष्मीपूजनसुद्धा सेलच्या दिव्यावर होतं. देवाला सवय झालेली आहे. चौकीदाराने रिझवानचं धुराचं मशीन तर फाटकाबाहेरच उतरवून घेतलं.

मामीने केतकीला ओवाळलं. मग शंतनूला, पप्पूला, आणि थोडा विचार करून रिझवानलाही. दिव्याचं बटण मधेच बंद पडायचं, ती हाताने ठोकून चालू करायची.

"बाबा, हे काय आहे?" केतकी कुजबुजली.

"मामाची पद्धत," मी म्हणालो. "कलावंतांचा फार मान ठेवतो तो."

केतकीचे डोळे भरून आले. "आणि मी समजायचे, मामाला आमचं गाणं आवडत नाही!"

इतक्यात गजूने माझं कोपर धरून मला वजनकाट्याच्या मागे नेलं. "भाऊजी, तिघांतला जवाई कोन्ता?"

मी म्हणालो, "तू ओळख."

"शोभा म्हणते, केसांवाला. मले वाटते, जाडा. खाऊन पिऊन सुखी दिसून राहिला."

"शूटिंग झाल्यावर सांगतो."

पण गजूला कुठला धीर! त्याने पप्पूला गाठलं. "तुमी कोनाचे जी?"

"मी ड्रम्सचा," पप्पू म्हणाला.

"घरी कोनकोन हाय?"

"आई, बाबा, आजी. अन् एक कुत्रं."

"आमची केतकी कशी वाटते?"

"एक नंबर! कधीच सूर सोडत नाही."

गजूने मला डोळ्यांनीच सांगितलं: हाच. त्या क्षणापासून पप्पूवर वर्षाव सुरू झाला. आधी पोहे, मग शेव, मग तूप घातलेली पुरणपोळी. मामीचा कौल मात्र शंतनूला होता, म्हणून तिने त्याच्या हातात नारळ आणि खांद्यावर दुपट्टा दिला. शंतनू नारळ कुठे ठेवावा ते न कळून गिटारच्या पट्ट्यात अडकवून फिरत होता. पप्पू माझ्याजवळ येऊन म्हणाला, "काका, तुमचे लोक बँडवर भल्लेच खूश आहेत! आम्हाला अकोल्यात कोणी पाणी पण विचारत नाही."

दुपार कलली तसं शूटिंग लागलं. अंगणात दोन मजली घराएवढी कापसाची गंजी, तिच्यापुढे बँड. (लग्न म्हटलं की बँड आलाच, अशी गजूने स्वतःची समजूत घातली होती.) मांडववाल्याचे दोन मोठे पंखे लावले. हमालांनी कापूस उचलून पंख्यांपुढे भिरकावला, आणि शंतनू ओरडला, "आई गं!"

कापसात सरकी असते. पडली ती गारपीट! पप्पूच्या झांजा आपोआप वाजायला लागल्या.

भूगोलाच्या माणसाला हिम आणि गारा यांतला फरक कळू नये, ही नामुष्की होती. गजू कपाळाला हात लावून म्हणाला, "भाऊजी, सरकीसकट कापूस उडते काय कुठं? रुई पायजे, रुई!" आणि भाचीच्या लग्नासाठी त्याने आतून सरकी काढलेली रुई आणवली, हातात धरली तर आहे की नाही कळू नये अशी. गंजीच्या पायथ्याशी तिचा मोठा ढीग झाला. पंखे पुन्हा फिरले.

आणि बर्फ पडला.

काय सांगू! तिरपं ऊन आवारात उतरलं होतं आणि त्या उन्हातून एकेक पांढरं पीस तरंगत, थांबत, विचार करत खाली येत होतं. वजनकाट्यावर पडत होतं, उभ्या ट्रकच्या टपावर, चौकीदाराच्या टोपीवर, मामीच्या ताटावर. हमाल वर बघत तसेच उभे राहिले. केतकी मध्ये उभी होती आणि गात होती:

*दार उघडलं तर माझ्या गावावर बर्फ,*
*कोणी बोलू नका, वितळेल तो...*

मी बोललो नाही. माझं स्वप्न माझ्यासमोर, माझ्या पोरीच्या आवाजात पडत होतं, आणि मी कानटोपीत घामाघूम होऊन, चष्मा पुसत पुसत ते पाहत होतो. एक पीस माझ्या तळहातावर बसलं. वितळलं नाही. एवढाच काय तो फरक.

मग गाण्यात जोरकस भाग आला. शंतनू केस पुढे टाकून मान हलवायला लागला, पप्पू ड्रम्सवर तुटून पडला.

"जवायाच्या अंगात आलं काय?" मामीने घाबरून विचारलं.

गजूने खिशातून मोबाइल काढला आणि हात लांब करून समोर धरला. गजू व्हिडिओ कॉल लावत होता. म्हणजे ताईला, माझ्या बायकोला!

फ्रेममध्ये येऊ नये म्हणून मी गंजीच्या एका कडेला उभा होतो, गजू थेट दुसऱ्या कडेला. मधे कॅमेरा, आणि मागून वळसा घालून पोहोचायला वेळ नव्हता. मी गंजी चढलो. (कापसावर धावायचा प्रयत्न कोणी करू नये. आपण धावतो, कापूस जागचा हलत नाही, आणि पाय मात्र पाताळाकडे निघतात.) चार हातापायांनी माथा गाठला. "गजू, नको!" असं ओरडलो, आणि माझ्या वजनाने गंजीचा कडा सुटला. हिमालयात याला हिमस्खलन म्हणतात. मी सातवीला शिकवतो. गडगडत खाली आलो तो थेट रुईच्या ढिगात, डोक्यापासून पायांपर्यंत.

लोकरीच्या स्वेटरला रुई काय चिकटते म्हणता! मी दोन्ही हात वर करून ढिगातून उभा राहिलो तेव्हा माझं डोळ्यांशिवाय काही दिसत नव्हतं. बँडच्या बरोबर मागे, कॅमेऱ्याच्या बरोबर समोर.

"अंकल, फ्रेम!" रिझवान ओरडला.

पण त्याच वेळी गाणं संपलं, पंखे थांबले, आणि त्या शांततेत मोबाइलमधून सुनंदाचा आवाज खणखणीत आला:

"गजू, येडा झाला का तू? कोणाचं लग्न?"

सगळे माझ्याकडे वळले. म्हणजे मी जिथे असावा असं वाटत होतं, तिकडे.

"बाबा," केतकी हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही मामाला काय सांगितलं?"

मी सांगितलं. तोंडातली रुई काढत काढत सगळं सांगितलं. पप्पूची ड्रमवर ठेवलेली पुरणपोळी तशीच राहिली. शंतनूने गिटारच्या पट्ट्यातला नारळ काढून हळूच वजनकाट्यावर ठेवला.

गजू मोबाइल खिशात घालून गंजीकडे पाहत राहिला. "भाऊजी," तो म्हणाला, "मी नवा फेटा आनून ठेवला होता. भाचीले मांडवात आनाले."

एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

केतकी त्याच्याजवळ गेली. "मामा, चुकलं आमचं. आम्ही निघतो. पण गाणं तरी ऐकलं ना तुम्ही? पुन्हा ओरडण्यासारखं वाटलं का?"

गजूने मान हलवली. "नाही ओ बाई." मग खाली वाकून त्याने मुठीत रुई घेतली आणि सोडून दिली. ती वाऱ्यावर गेली. "पंचवीस वर्षं झाले, मी याच कापसात बसून राहिलो. ओला हाय का, पिवळा हाय का, कचरा किती, एवढंच पाह्यलं. हा बर्फ हाय, हे मले कधी वाटलंच नाही." त्याने डोळे पुसले आणि पंख्यांकडे वळून ओरडला, "लावा रे अजून एक डाव! पोट्टी गाते अन् तुमी पाहून काय राहिले?"

पंखे लागले, रुई उडाली, केतकी गायली, गजू स्वतः हाताने बर्फ सोडत होता. पण तोवर ऊन भिंतीआड गेलं होतं. रिझवानने कॅमेऱ्यात पाहिलं आणि मान हलवली. "लाइट गया. शेवटचं कडवं पहिल्याच टेकमधून घ्यावं लागेल."

"पण त्यात बाबा आहेत!"

"हैं," रिझवान म्हणाला. "मगर पहचान में नहीं आते."

परत निघताना गजूने नवा फेटा केतकीच्या मांडीवर ठेवला. "तुह्या घरी राहू दे. जवा लागन तवा बांधीन." आणि पप्पूला खिडकीतून डबा देत म्हणाला, "हैदराबादले नीट जेवत जाजा."

घरी सुनंदाने दार उघडलं, मला नखशिखांत पाहिलं आणि एकच प्रश्न विचारला, "बर्फ थंड होता का?"

व्हिडिओ आला आणि आमच्या वऱ्हाडात तरी घरोघर फिरला. लोकांनी भरभरून लिहिलं. आवाज सुंदर, कल्पना सुंदर, जागा कुठली, काश्मीर की मनाली? (गजू प्रत्येकाला उत्तर देतो: "अकोट.") पप्पू आता हैदराबादहून सुट्टीवर आला की बँड वाजतो. फक्त एक जण लिहून गेला: 'सगळं झकास, पण शेवटी मागे येतो तो हिममानव अगदीच खोटा वाटतो.' त्याखाली पहिला अंगठा सुनंदाचा आहे.

मागच्या आठवड्यात वर्गात हिमालय शिकवत होतो. नेहमीप्रमाणे प्रश्न आला, "सर, तुम्ही पाहिला का बर्फ पडताना?" मी खडू बदलला नाही. छाती काढून म्हणालो, "पाहिला!" आणि त्याच जोमात पुढे शिकवलं, "हिममानवाबद्दल अनेक कथा आहेत, पण तो प्रत्यक्षात असल्याचा एकही पुरावा आजवर मिळालेला नाही."

शेवटच्या बाकावरची एक मुलगी शांतपणे उभी राहिली.

"मिळाला आहे सर," ती म्हणाली. "त्याने तुमचा चष्मा घातलाय."